विमानाच्या कागदांवर तुमचा कुत्रा कोण असतो?

ऑक्टोबर २०१९ची गोष्ट. ब्युनोस आयर्सहून बार्सिलोनाला निघालेल्या एका बाईंची कुत्री विमानाकडे नेली जात असताना पिंजऱ्यातून निसटली. शोधाशोध झाली, पण ती पुन्हा सापडली नाही. बाईंनी ५,००० युरोंची भरपाई मागितली. कंपनी म्हणाली, चूक मान्य आहे, पण हरवलेल्या सामानाला जेवढी कमाल भरपाई ठरलेली आहे तेवढीच मिळेल. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं. १६ ऑक्टोबर २०२५ रोजी निकाल आला: प्राण्याला वेदना होतात आणि त्याची काळजी घेतलीच पाहिजे हे खरं, तरीही विमानप्रवासातल्या भरपाईपुरता पाळीव प्राणी ‘सामान’ या शब्दातच मोडतो.

हा निकाल वाचून मन खट्टू होतं. पण विमानप्रवासाच्या सगळ्या नियमांची किल्ली त्यातच आहे. एकच कुत्रा एका तिकिटावर हातातलं सामान असतो, दुसऱ्यावर विमानाच्या पोटात टाकायची बॅग, तिसऱ्यावर निव्वळ माल, आणि चौथ्यावर तो सामान नसतोच. तो एका माणसाचे डोळे किंवा कान असतो. तुमचा प्राणी यांपैकी कुठल्या रकान्यात नोंदला गेला आहे यावर पैसे, पिंजरा, बसायची जागा, परत मिळायचं ठिकाण आणि काही विपरीत झालं तर मिळणारा न्याय, हे सगळं ठरतं. लोक नियम पाठ करतात, पण रकाना विचारत नाहीत. म्हणून गोंधळ होतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. तुमच्यावर एकाच वेळी दोन वेगळ्या हुकमांची सत्ता चालते. विमानात चढू द्यायचं की नाही हे कंपनी ठरवते. उतरल्यावर देशात शिरू द्यायचं की नाही हे त्या देशाचं सरकार ठरवतं. कंपनीने हो म्हटलं म्हणजे सरकारने हो म्हटलं असं होत नाही. विमानतळावर अडकून पडलेल्या बऱ्याच माणसांची चूक इथेच झालेली असते.

पायाशी ठेवून नेणं

लहान कुत्रं किंवा मांजर असेल तर सगळ्यांना हाच मार्ग हवा असतो, आणि तो खरंच सगळ्यांत चांगला आहे. प्राणी डोळ्यांसमोर राहतो, त्याला तुमचा वास येत राहतो. अनेक युरोपीय कंपन्यांची मर्यादा ८ किलो आहे, आणि ती प्राणी अधिक पिशवी अशी दोन्हींची मिळून असते. घरी मांजर वजनकाट्यावर ठेवून ‘साडेसात भरलं, झालं काम’ म्हणणारे पिशवीचं वजन विसरतात. पिशवी पुढच्या सीटखाली मावली पाहिजे आणि आत प्राण्याला उभं राहून वळता आलं पाहिजे. सीटखालची जागा प्रत्येक विमानात सारखी नसते. काही सीटखाली पडद्याच्या यंत्रणेची पेटी असते, ती निम्मी जागा खाते. कडा दुमडणारी मऊ पिशवी म्हणूनच बरी.

एका विमानात केबिनमध्ये किती प्राणी घ्यायचे याचीही संख्या ठरलेली असते, आणि बहुतेक ठिकाणी ती अगदी थोडी असते. त्यामुळे आधी तिकीट काढून मग फोन करणं ही उलटी चाल आहे. आधी फोन करून त्या दिवशीच्या त्या विमानात प्राण्याची जागा शिल्लक आहे का विचारा, मग तिकीट काढा, आणि लगेच प्राण्याची नोंद तिकिटाला जोडून घ्या. जोडली गेली की नाही हे लेखी पाहा. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असा प्रकार आता सर्रास असतो. तिथे नियम उडवणाऱ्या कंपनीचे लागू होतात, विकणाऱ्या कंपनीचे नाहीत.

आपत्कालीन दाराजवळची आणि पुढे भिंत असलेली सीट प्राणी सोबत असताना मिळत नाही. बाकीचा नियम सोपा आहे: चढल्यापासून उतरेपर्यंत पिशवी बंद आणि सीटखाली. डोक्यावरच्या कप्प्यात कधीच नाही. कोणी गणवेशातल्या माणसाने सांगितलं तरीही नाही. मार्च २०१८ मध्ये ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात एका कुटुंबाला त्यांचं फ्रेंच बुलडॉगचं पिल्लू पिशवीसकट वरच्या कप्प्यात ठेवायला लावलं गेलं. विमान उतरेपर्यंत ते गेलेलं होतं. अशा वेळी सभ्यपणा बाजूला ठेवून ‘नाही’ म्हणायचं, वरिष्ठांना बोलवायला सांगायचं.

काही कंपन्या केबिनमध्ये पाळीव प्राणी घेतच नाहीत. दुबईची एमिरेट्स कुत्र्या-मांजरांना केबिनमध्ये नाही म्हणते, पण दुबई आणि पाकिस्तानातल्या काही शहरांदरम्यान ससाण्याला जागा देते. तिकडे ससाणा पाळण्याची परंपरा जुनी आहे, नियमांनी तिला वाट करून दिली. ब्रिटनमध्ये विमानाने जाताना पाळीव प्राणी सर्वसाधारणपणे कार्गोनेच न्यावा लागतो, केबिनची सवलत मदतनीस कुत्र्यांपुरती आहे. म्हणून ‘माझ्या मैत्रिणीने नेलं होतं’ हा आधार धरू नका. तिचा मार्ग वेगळा होता, कंपनी वेगळी होती.

सुरक्षा तपासणीत प्राणी क्ष-किरण यंत्रातून जात नाही. रिकामी पिशवी पट्ट्यावर जाते आणि प्राण्याला कडेवर घेऊन तुम्ही चौकटीतून जाता. कुत्रा असेल तर ठीक. मांजर असेल तर हा सगळ्या प्रवासातला सर्वांत नाजूक क्षण असतो. भोवती ट्रे आदळतायत, कोणीतरी ओरडतंय, आणि तुमच्या हातात घाबरलेलं जनावर. अंगात घालायचा पट्टा आधीपासून चढवलेला असू द्या, आणि बंद खोलीत तपासणी करा अशी विनंती करा. अनेक विमानतळांवर ती मान्य होते. फक्त मागावी लागते.

विमानाच्या पोटात

मोठा कुत्रा असेल तर तो खाली जातो. एकतर तुमच्याच विमानात चेक-इन केलेल्या सामानासारखा, किंवा कार्गो म्हणून, म्हणजे मालाच्या पावतीवर, कधी तुमच्याच विमानात तर कधी दुसऱ्या. विमान कंपन्यांच्या भाषेत पहिल्याला ‘एव्हीआयएच’ म्हणतात. काउंटरवरच्या माणसाने हा शब्द वापरला तर दचकू नका.

खाली अंधार, गारठा आणि विरळ हवा असते, अशी समजूत सगळीकडे आहे. अर्धीच खरी आहे. हवेचा दाब वर तुमच्याभोवती असतो तेवढाच खालीही असतो. साधारण २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा, नव्या ७८७ आणि ए३५० विमानांत १,८०० मीटरच्या आसपासचा. तसं नसतं तर तुमच्या बॅगांमधल्या बंद बाटल्याही टिकल्या नसत्या. फरक पडतो तो तापमानात आणि हवा खेळती असण्यात. प्रत्येक विमानाच्या प्रत्येक कप्प्यात गरम हवा पुरवायची सोय नसते. म्हणून प्राण्यांना ठरावीक कप्प्यातच ठेवतात आणि पोटात जिवंत प्राणी आहे याची लेखी सूचना वैमानिकाला दिली जाते, म्हणजे तो त्या कप्प्याचं तापमान सांभाळतो. कोरड्या बर्फात बांधलेला माल त्याच कप्प्यात प्राण्याजवळ ठेवायचा नसतो, कारण तो विरघळत नाही, त्याचा कार्बन डायऑक्साइड वायू होतो आणि बंद जागेत साठतो. ऐनवेळी विमान बदललं तर आधी दिलेली परवानगी रद्द होऊ शकते, तेही याच कारणाने. नव्या विमानाचा कप्पा योग्य नसतो. लहान विमानांत तर मोठा पिंजरा दारातूनच आत जात नाही.

खरा धोका आकाशात कमी, जमिनीवर जास्त. तापलेल्या धावपट्टीशेजारी, गाडीवर, विमानात चढायची वाट बघत असलेला पिंजरा. अमेरिकेच्या प्राणी कल्याण नियमांत म्हणूनच तापमानाचे आकडे आहेत: प्राणी ठेवायच्या जागेत २९.५ अंश सेल्सियसच्या वर चार तासांहून जास्त वेळ ठेवायचं नाही, आणि ७.२ अंशांच्या खालीही तसंच, तो थंडीला सरावलेला असल्याचा पशुवैद्याचा दाखला असल्याशिवाय. आठ आठवड्यांहून लहान पिल्लं तिथे विमानाने पाठवताच येत नाहीत. अनेक कंपन्या उन्हाळ्यात पोटातून प्राणी न्यायचंच बंद करतात. चिडू नका. तुमच्या कुत्र्यासाठीच ते बंद आहे. तारीख तुमच्या हातात असेल तर उन्हाळ्यात पहाटेचं किंवा रात्रीचं विमान घ्या, आणि शक्य तितकं थेट घ्या. मधला प्रत्येक थांबा म्हणजे आणखी एकदा गाडीवरची वाट बघणं.

आता चपट्या तोंडाच्या जातींबद्दल. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर, मांजरांत पर्शियन. कुत्रा घामाने थंड होत नाही, धापा टाकून होतो. जीभ बाहेर, हवा आत-बाहेर, ओलावा उडतो, अंग निवतं. या जातींचं नाक-तोंड माणसाने हौसेपायी पिढ्यान्‌पिढ्या आखूड करत नेलं, पण आतला टाळूचा मऊ पडदा तेवढाच राहिला. त्यामुळे श्वासाची वाट अरुंद. घाबरला की तो जोरात श्वास घेतो, वाट आणखी सुजते, अंग आणखी तापतं. अमेरिकेत २००५पासून कंपन्यांना प्राण्यांचे मृत्यू सरकारला कळवावे लागतात. पहिल्या पाच वर्षांच्या नोंदी २०१०मध्ये पाहिल्या तेव्हा दगावलेल्या ज्ञात जातींच्या कुत्र्यांपैकी साधारण निम्मे चपट्या तोंडाचे निघाले. त्यानंतर एकेक करत कंपन्यांनी या जातींना पोटात घेणं थांबवलं. तुमचा पग केबिनच्या वजनात बसत नसेल आणि कुणी ‘बघतो काहीतरी’ म्हणत त्याला खाली न्यायला तयार झालं, तर माझं प्रामाणिक मत: नेऊ नका. गाडीने न्या, आगगाडीने न्या, किंवा तेवढे दिवस विश्वासू माणसाकडे ठेवा.

आणि गुंगीचं औषध देऊ नका. मला हे सगळ्यांत जास्त वेळा विचारलं जातं. ‘थोडंसं दिलं तर झोपून जाईल ना?’ झोपेल, पण गुंगीत रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, अंगाचं तापमान सांभाळायची शक्ती जाते आणि विमान वळलं की तोल सावरता येत नाही. शिवाय खाली बघायला कोणी नाही. अमेरिकन पशुवैद्यकांची संघटना याविरुद्ध स्पष्ट सांगते, आणि गुंगीतला प्राणी अनेक कंपन्या काउंटरवरूनच परत पाठवतात.

पिंजऱ्याचं गणित

पिंजऱ्याचे नियम जगभर बरेचसे एकाच पुस्तकातून येतात. विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयाटा, दरवर्षी जिवंत प्राण्यांच्या वाहतुकीची नियमावली काढते. त्यातलं गणित टेप घेऊन घरीच करता येतं. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजा. जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतची उंची मोजा. खांद्यांची रुंदी मोजा. आणि कुत्रा उभा असताना जमिनीपासून डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंत, जे वर असेल तिथवर, मोजा. आता पिंजऱ्याची आतली लांबी म्हणजे अंगाची लांबी अधिक कोपराच्या उंचीचा अर्धा. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची डोक्याइतकी, अधिक अंथरुणाची जाडी.

समजा अंग ७० सेंटिमीटर, कोपर ३०, खांदे २२, कान ६० वर. मग पिंजरा आतून ८५ लांब, ४४ रुंद, आणि ६०हून अंथरुणाइतका उंच. चपट्या तोंडाचा असेल तर प्रत्येक मापात आणखी १० टक्के. दुकानदार ‘लॅब्रेडॉर साइज’ म्हणून जे देतो त्यावर जाऊ नका. प्रत्येक लॅब्रेडॉर वेगळा. काउंटरवरचा माणूस कुत्र्याला आत उभं करून बघेल, आणि कान छताला टेकले तर तिथेच सगळं संपेल.

दार धातूच्या जाळीचं, दोन भाग जोडणारे स्क्रू धातूचे, प्लास्टिकच्या चापांवर भरवसा नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासाला चारही बाजूंनी हवा खेळायला झरोके. बाहेरून भरता येतील अशा वाट्या. तळाला ओल शोषणारं काही. गवत-पेंढा अनेक देशांत चालत नाही, त्यातून किडे-रोग येतात. वाटीतलं पाणी आदल्या रात्री गोठवून ठेवलं तर चढवताना सांडत नाही आणि हळूहळू वितळत राहतं. एका पिंजऱ्यात दोन प्रौढ प्राणी ठेवायचे असतील तर ते सारख्या आकाराचे, एकत्र राहायला सरावलेले आणि प्रत्येकी १४ किलोपर्यंतचे असावे लागतात.

पण पिंजरा बरोबर असून भागत नाही, तो ओळखीचा असावा लागतो. माझ्या कुत्रीचा पिंजरा प्रवासाआधी तीन महिने बैठकीच्या खोलीत उघडा पडलेला होता. पहिले काही दिवस ती त्याच्याकडे बघायचीही नाही. मग तिची जुनी चादर आत गेली, मग जेवणाची वाटी, मग दार दोन मिनिटं बंद, मग दहा, मग तासभर. शेवटी शेवटी बाहेर फटाके वाजले की ती स्वतःहून आत जाऊन बसायची. प्रवासाच्या दिवशी तिच्यासाठी बाकी सगळं नवं होतं, तेवढी एक जागा तिची होती. प्राण्याच्या प्रवासावर वेळ खर्च करायचाच असेल तर माझ्या मते तो इथे करावा.

जो सामान नसतो

आता चौथा रकाना, सर्व्हिस डॉगचा. दृष्टी नसलेल्या माणसाला वाट दाखवणारा, ऐकू न येणाऱ्याला दारावरची थाप कळवणारा, फिट येण्याआधी सावध करणारा, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला पडलेली वस्तू उचलून देणारा. हा कुत्रा पाळीव प्राण्यांच्या नियमांत येत नाही. तो अपंग व्यक्तीच्या हक्कांच्या नियमांत येतो. त्याचं भाडं नाही, त्याला पिंजरा नाही, तो मालकाच्या पायाशी बसतो.

अमेरिकेत या हक्काचा पाया १९८६च्या विमानप्रवासविषयक कायद्यात आहे. पण मधल्या काळात ‘भावनिक आधाराचा प्राणी’ ही वेगळी वाट रुंदावत गेली. डॉक्टरच्या पत्रावर कोणताही प्राणी विनाशुल्क केबिनमध्ये येऊ लागला. २०१४मध्ये एका डुकराला विमानातून उतरवावं लागलं. जानेवारी २०१८मध्ये नेवार्क विमानतळावर एक मोर आला आणि त्याला नाकारलं गेलं, ते फोटो जगभर फिरले. लोक हसले, पण ज्यांना खरंच कुत्र्याशिवाय पाऊल टाकता येत नाही त्यांना त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. शिकवण नसलेला प्राणी केबिनमध्ये बिथरला, भुंकला, चावला, की पुढच्या वेळी खऱ्या सर्व्हिस डॉगकडेही सगळे संशयाने बघतात. कधी त्या कुत्र्यावरच हल्ला होतो, आणि एकदा भेदरलेला वाटाड्या कुत्रा पुन्हा काम करू शकेलच असं नाही. त्याच्या शिक्षणात गेलेली वर्षं जातात, आणि एका माणसाचं स्वातंत्र्य जातं.

म्हणून डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्याने नियम बदलले, ते जानेवारी २०२१पासून लागू झाले. आता सर्व्हिस ॲनिमल म्हणजे फक्त कुत्रा, कुठल्याही जातीचा चालेल, पण अपंग व्यक्तीसाठी ठरावीक काम करायला शिकवलेला. भावनिक आधाराच्या प्राण्याला पाळीव प्राणी म्हणून वागवायची मुभा कंपन्यांना मिळाली, आणि बहुतेकांनी ती लगेच वापरली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मानसिक आजारासाठीचे सर्व्हिस डॉग या नियमात पूर्णपणे बसतात. फरक आजारात नाही, कामात आहे. जवळ असल्याने बरं वाटतं, हा आधार झाला. दुःस्वप्न पडू लागताच मालकाला जागं करणं, घाबरगुंडीचा झटका यायची चाहूल लागताच अंगावर भार टाकून त्याला भानावर आणणं, औषधाची वेळ झाली की नाकाने ढोसणं, हे काम झालं. काम शिकवलेलं असेल तर तो सर्व्हिस डॉग. कुठे शिकवलं, संस्थेत की घरी, हे अमेरिकेचा नियम विचारत नाही. मात्र अजून शिकत असलेला कुत्रा या व्याख्येत येत नाही.

कंपनी एक सरकारी फॉर्म मागू शकते. त्यात कुत्र्याचं आरोग्य, वागणूक आणि शिक्षण यांची ग्वाही तुम्हीच द्यायची असते. प्रवास आठ तास किंवा जास्त असेल तर दुसराही फॉर्म: तो विमानात शू-शी करणार नाही, किंवा केली तरी घाण होणार नाही अशी सोय आहे. तिकीट आधीच काढलेलं असेल तर हे कागद ४८ तास आधी मागता येतात. खोटं लिहिलं तर तो सरकारी कागदावरचा खोटेपणा ठरतो आणि शिक्षा होऊ शकते. एका प्रवाशाला दोन सर्व्हिस डॉग नेता येतात, दोघं मिळून त्याच्याच पायांच्या जागेत मावले पाहिजेत. कर्मचारी दोन प्रश्न विचारू शकतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? तुमचा आजार काय, हे विचारायचा त्यांना हक्क नाही. केवळ जातीवरून, पिट बुल आहे म्हणून, नाकारता येत नाही. पण गुरगुरला, लोकांच्या अंगावर गेला, दारात घाण केली, तर वागणुकीवरून नाकारता येतं.

अमेरिकेबाहेर चित्र वेगळं. युरोपीय संघात २००६च्या नियमाने मान्यताप्राप्त मदतनीस कुत्र्याला केबिनमध्ये जागा मिळते, मदतीची गरज ४८ तास आधी कळवायची असते. पण ‘मान्यताप्राप्त’ या शब्दाला तिथे वजन आहे. अनेक कंपन्या मदतनीस कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांशी संलग्न असलेल्या संस्थेचं प्रमाणपत्र मागतात. घरी शिकवलेला कुत्रा, जो अमेरिकेत निर्वेध चढला, परतीच्या प्रवासात दुसऱ्या कंपनीच्या दारात अडू शकतो. जाण्याइतकीच येण्याची चौकशी करा. आणि शेजारच्या सीटवर असा कुत्रा आला तर त्याला हाक मारू नका, कुरवाळू नका. तो कामावर आहे.

देशाचं दार

विमान कंपनीचं सगळं पार पडलं, आता सरकार. इथे सर्व्हिस डॉगलाही आरोग्याच्या अटींतून सूट नाही. सगळ्या अटींच्या मुळाशी एकच भीती आहे, रेबीज. ज्या बेटांवर आणि देशांत तो नाही त्यांना तो येऊ द्यायचा नाही, आणि लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून जवळजवळ कोणी वाचत नाही, म्हणून कोणी जोखीम घेत नाही.

युरोपीय संघाची पद्धत समजली की बाकीच्या सोप्या जातात. आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली, यंत्राने वाचता येणारी ओळखीची चिप, मग लस. हा क्रम महत्त्वाचा. चिपच्या आधी टोचलेली लस कागदावर कुणाला टोचली हे सिद्ध होत नाही, म्हणून ती धरली जात नाही, पुन्हा टोचावी लागते. लशीच्या वेळी वय किमान १२ आठवडे, आणि पहिल्या लशीनंतर २१ दिवसांची वाट. रेबीजचा धोका जास्त मानलेल्या देशातून येत असाल तर रक्ताची चाचणीही: लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं, मान्य प्रयोगशाळेत प्रतिपिंडं ०.५ एकक प्रति मिलिलिटर किंवा जास्त यायला हवीत, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे शून्यापासून सुरुवात केली तर चार महिने सहज जातात. आयर्लंड, फिनलंड, माल्टा, नॉर्वे अशा काही देशांत कुत्र्यांना पट्टकृमीचं औषध पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत दिलेलं असावं लागतं. जास्त आधी दिलं तरी चालत नाही.

जपानला दोन लसी आणि रक्तचाचणीनंतर १८० दिवस थांबावं लागतं, शिवाय पोहोचण्याच्या ४० दिवस आधी कळवावं लागतं. ते केलं नाही तर हेच १८० दिवस कुत्रा त्यांच्या विलगीकरण केंद्रात काढतो. ऑस्ट्रेलिया आणखी कडक: अनेक देशांतून थेट नेताच येत नाही, आणि नेता आलं तरी मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात किमान दहा दिवस. २०१५मध्ये हॉलिवूड अभिनेता जॉनी डेप आणि त्याची तेव्हाची पत्नी अँबर हर्ड यांचे दोन यॉर्कशायर टेरियर खासगी विमानातून न सांगता तिथे उतरले, तर कृषिमंत्र्यांनी मुदत दिली: परत न्या, नाहीतर मारावे लागतील. कुत्रे परत गेले, आणि पुढे दोघांना कॅमेऱ्यासमोर माफी मागावी लागली.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४पासून कुत्र्यांसाठी नियम घट्ट केले: वय किमान सहा महिने, मायक्रोचिप, आणि रोगनियंत्रण केंद्राचा ऑनलाइन फॉर्म. जास्त धोक्याच्या देशांतून, परदेशात लस घेतलेला कुत्रा असेल तर जादा दाखले लागतात आणि ठरावीक विमानतळांवरच उतरता येतं. मांजरांना हे लागू नाही.

मी स्वतः एकदा चिपच्या आकड्याने अडकलो आहे. पंधरा अंकी आकडा, दाखल्यावर एक अंक चुकीचा उतरला होता. तपासणाऱ्याच्या हातातलं यंत्र एक आकडा दाखवत होतं, कागद दुसरा. त्याच्या दृष्टीने माझी कुत्री ही कागदावरची कुत्री नव्हतीच. पशुवैद्याला फोन लागला, दुरुस्त कागद आला, विमान चुकलं. तेव्हापासून मी दाखला हातात पडला की तिथेच उभा राहून आकडा मोठ्याने वाचतो आणि चिपही तिथेच यंत्राने तपासून घेतो.

मधल्या थांब्याच्या देशाचेही नियम असतात, हेही लक्षात असू द्या. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर मध्ये कुत्रा ताब्यात घेऊन पुन्हा सोपवावा लागतो, म्हणजे त्या देशात ‘आयात’ करावा लागतो, तिथल्या सगळ्या कागदांसकट.

सोपवताना आणि परत घेताना

सुरुवातीच्या खटल्याकडे परत येतो, कारण त्यात एक उपयोगी वाट आहे. १९९९च्या माँट्रियल करारानुसार सामानाच्या भरपाईला प्रत्येक प्रवाशामागे मर्यादा आहे. २८ डिसेंबर २०२४पासून ती १,५१९ एसडीआर झाली. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. कार्गो असेल तर भरपाई वजनावर, किलोला २६ एसडीआर. जिवाची किंमत किलोने लावलेली बघून काळजात कळ येते, पण करार तसा आहे. मात्र सामान सोपवतानाच ‘याचं मोल माझ्यासाठी इतकं आहे’ अशी खास घोषणा लेखी करता येते. जादा शुल्क पडू शकतं, पण मग ही मर्यादा लागत नाही. त्या बाईंनी ती केली नव्हती, आणि न्यायालयाने नेमकं त्यावर बोट ठेवलं. कंपनी ती स्वीकारते का, हे नोंदणीच्या वेळीच विचारा.

प्रवासाच्या दिवशी काही तास आधी हलकं खाणं, पाणी बंद नाही, आणि विमानतळावर शिरण्याआधी लांब फेरी. पिंजऱ्यावर नाव, फोन, आणि कुत्र्याचा अलीकडचा फोटो चिकटवा. तोच फोटो तुमच्या फोनमध्येही असू द्या. गळफासासारखा आवळणारा पट्टा आत ठेवू नका. विमानात बसल्यावर कर्मचाऱ्यांना शांतपणे सांगा की खाली माझा कुत्रा आहे, तो चढला का याची खात्री करून द्याल का. हे विचारणं आगाऊपणा नाही.

उतरल्यावर चेक-इनने आलेला प्राणी मोठ्या सामानाच्या खिडकीपाशी मिळतो, फिरत्या पट्ट्यावर नाही. कार्गोने आलेला मालाच्या वेगळ्या इमारतीत, पावतीचा आकडा दाखवून आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याची सही झाल्यावर, कधी काही तासांनी. तो दिसला की दार उघडायची घाई होते. तो आतून रडत असतो, तुमचेही हात थरथरत असतात. उघड्यावर उघडू नका. गाडीत बसा, दारं-काचा लावून घ्या, जाळीच्या फटीतून त्याला तुमचा हात हुंगू द्या. मग दार बोटभर किलकिलं करा, आधी पट्टा अडकवा, आणि मगच त्याला बाहेर येऊ द्या.